माप (मानवी), एक नग

परीक्षा कार्यालयात एक जडसंग्रह नोंदवही होती. कचेरीतली टेबलं, खुर्च्या, पंखे अशी मालमत्ता तिच्यात लिहून ठेवत. सतराव्या ओळीवर भिंतीवरचं घड्याळ होतं, एकोणिसाव्या ओळीवर लोखंडी कपाट, दोन दारांचं, त्यातलं एक दार न लागणारं. मधल्या अठराव्या ओळीवर ‘माप (मानवी), एक नग’ अशी नोंद होती. हा नग रोज सकाळी सव्वानऊला डबा घेऊन कामावर यायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. वर्षातून एकदा तपासनीस यायचा आणि घड्याळाला, कपाटाला करावी तशी त्याच्याही ओळीपुढे बरोबरची खूण करून जायचा. एका वर्षी नग तापाने घरी पडला होता, तेव्हा तपासनिसाने ‘दुरुस्तीसाठी बाहेर’ असा शेरा मारला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. नगालाही नाही.

कचेरीत त्याला मापाडी म्हणत. उच्च गणिताच्या पेपरात कोणता प्रश्न सोपा आणि कोणता कठीण, हे ठरवायचं कसं, यावर कधीकाळी समितीत बरीच वादावादी झाली होती. गणिताच्या प्राध्यापकांना सगळंच सोपं वाटायचं आणि बाकीच्यांना सगळंच कठीण. शेवटी कोणीतरी तोडगा काढला, की एक सरासरी माणूस आणावा, त्याला प्रश्न घालावेत आणि समोर घड्याळ धरावं. मापाडीला त्या परीक्षेत शंभरापैकी बरोबर पन्नास गुण होते. तसे आणखी पाच जण मुलाखतीला आले होते. त्यातल्या एकाने उत्साह दाखवला म्हणून त्याला घरी पाठवलं. दुसरा अर्धा तास आधीच आला होता, त्यालाही पाठवलं. मापाडी वेळेवर आला, दारात अडखळला, आणि त्याला तिथेच नेमून टाकलं.

काम वर्षातून तीन आठवड्यांचं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासलेला, एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर तो. समोरच्या खुर्चीवर घड्याळबाई, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या कारकून बाई. एकोणीस वर्षांत त्या त्याच्याशी ‘सुरू’ आणि ‘थांबा’ याखेरीज फारसं काही बोलल्या नव्हत्या. एकेका चिठ्ठीवर एकेक प्रश्न यायचा. सहा मिनिटांच्या आत सुटला तर बाई चिठ्ठीवर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारत, म्हणजे सोपा. बारा मिनिटांच्या आत सुटला तर निळी, म्हणजे मध्यम. त्याहून जास्त वेळ लागला, किंवा उत्तर चुकलं, तर लाल. मग चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जात आणि पेटी वरच्या मजल्यावर. पुढे त्यांचं काय होतं हे मापाडीला ठाऊक नव्हतं. पोत्याचं पुढे काय झालं हे तराजूला कोणी सांगत नाही.

पहिल्या वर्षी प्रत्येक प्रकरणाने त्याला आपापल्या परीने छळलं होतं. त्रिकोणमिती म्हणजे तीस चुलत बहिणी, सगळ्यांचं म्हणणं एकच, पण ऐन वेळी कोणती कोणाची बाजू घेईल याचा नेम नाही. व्हेक्टर तापट पण सरळमार्गी, दिशा दाखवली की निघाले. लिमिट म्हणजे बढतीची फाइल, जवळ जवळ येत राहते, पोचत नाही. प्रोबॅबिलिटी सगळ्यांत गोडबोली. पिशवी, चेंडू, नाणं असल्या बालवाडीच्या भाषेत बोलत शेजारी येऊन बसायची आणि उठून गेली की लक्षात यायचं, आपला खिसा कापला गेलाय. आणि इंटिग्रेशन. तिथे रस्ताच नव्हता. ज्याला दिसलं त्याला दिसलं, बाकीच्यांनी भिंत चाचपत बसावं. त्या वर्षी मापाडीच्या जवळजवळ अर्ध्या चिठ्ठ्या लाल झाल्या होत्या आणि समितीने त्याच्या सुमारपणाची लेखी प्रशंसा केली होती.

पण एकोणीस वर्षं दर वर्षी तीन आठवडे माणूस हेच करत बसला, की व्हायचं ते होतं. लालाचं निळं झालं, निळ्याचं हिरवं. हिरवं फार झालं की वरून आणखी अवघड चिठ्ठ्या यायच्या. वर्षा-दोन वर्षांत त्याही हिरव्या व्हायच्या. मापाडीला वाटायचं, प्रश्न सोपे काढायला लागलेत. दिवस चांगले आलेत.

उरलेलं वर्षभर तो आवक-जावक विभागात पाकिटं बंद करायचा. निकालानंतर नापास मुलांना कार्ड जायचं, तेही त्याच्याच हातून. पहिल्या वर्षी त्या कार्डांचं एक पोतं भरलं होतं. गेल्या वर्षी पाच भरली. पोस्टाचा माणूस म्हणाला होता, “मुलं वाढली वाटतं.” मापाडी म्हणाला, “वाढणारच.” मुलं वाढली नव्हती. उलट परीक्षेला बसणाऱ्यांचा आकडा दर वर्षी थोडा थोडा आटत होता, पण ते रजिस्टर दुसऱ्या टेबलावर असायचं.

त्यातलं एक कार्ड त्याने स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर पाठवलं होतं. मग दुसरंही पाठवलं.

त्याच्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. तिला पूल बांधायला शिकायचं होतं आणि त्या कॉलेजात उच्च गणित पास झाल्याशिवाय दारातही उभं करत नसत. पस्तीस लागायचे. पहिल्या खेपेला एकोणतीस पडले, दुसऱ्या खेपेला एकतीस. तीन संधी मिळत. तिसऱ्यांदा नापास झालं, की नाव गणिताच्या यादीतून कायमचं उतरायचं. भिंगरी आता एका जागी बसायला शिकली होती, आणि ते बघवत नव्हतं.

घरी गणिताकडे बघायचं नाही अशी मापाडीने शपथ घेतलेली होती. शपथेचा कागद कचेरीत होता. यंदाचे तीन आठवडे सुरू होऊन सहा दिवस झाले होते. एका संध्याकाळी तो ओट्याशी दूध तापवत उभा होता, तेव्हा भिंगरीने वही आणून त्याच्या नाकासमोर धरली.

“बाबा, बघ ना एकदा. दुपारपासून बसलेय. क्लासमध्ये चाळीस जण आहेत, एकालाही आलं नाही. सरांनासुद्धा पुस्तकात बघावं लागलं.”

“मी बघायचं नसतं.”

“परीक्षेचं नाहीये, गाइडमधलं आहे. नुसतं बघ.”

त्याने नुसतं बघितलं. मग दुधावर एक डोळा ठेवून मागच्या कॅलेंडरच्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि उत्तराखाली रेघ मारली. दूध अजून वर यायचं होतं.

भिंगरी त्या चार ओळींकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “तू सरासरी आहेस ना?”

दूध उतू गेलं. दोघांपैकी कोणीही गॅस बंद केला नाही. तो बायकोने येऊन केला.

त्या संध्याकाळी त्याने शपथ बाजूला ठेवली आणि तिला शिकवायचा प्रयत्न केला. तासाभरात दोघंही रडकुंडीला आले. “हे इथून तिथे कसं आलं?” ती विचारायची, आणि तो म्हणायचा, “आलं म्हणजे, दिसतंच की.” “मला नाही दिसत.” “नीट बघ.” शेवटी ती म्हणाली, “तू पायऱ्याच गाळतोस. वर गच्चीवर उभा राहून मला म्हणतोस, ये.” आपण जिना कधी चढलो हेच त्याला आठवत नव्हतं.

बायको चष्म्याच्या दुकानात नंबर काढायच्या यंत्रावर बसायची. ओटा पुसता पुसता ती म्हणाली, “अहो, आमचं यंत्र दर सहा महिन्यांनी तपासून घेतात. काचा झिजतात, माप चढतं-उतरतं. तुमचं कोण तपासतं?”

“तपासनीस येतो की. दर वर्षी.”

“तो काय तपासतो?”

“मी आहे की नाही, ते.”

दुसऱ्या दिवशी तो नियंत्रकांच्या खोलीत गेला. नियंत्रक म्हणजे साऱ्या कार्यालयाचे वरिष्ठ, पण वयाने चाळिशीच्या अलीकडचे, हसरे, टेबल स्वच्छ ठेवणारे.

“साहेब, माझ्यात बिघाड झालाय.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“तसला नाही. मला येतंय.”

“काय येतंय?”

“सगळंच.”

नियंत्रक उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त ते आता कोणाचंच नव्हतं.

“हे आणखी कोणाला बोललात?”

“घरी थोडं.”

“घरी ठीक आहे. हे बघा मापाडी, माप चुकतंय असं तुम्ही लिहून दिलंत, की पुढचा प्रश्न येतो, कधीपासून? मग एकोणीस वर्षांचे निकाल उकरावे लागतील. त्यात पास झालेली माणसं आज पूल बांधतायत, लोकांच्या दाढा काढतायत. मी स्वतः तुमच्या दुसऱ्या वर्षातला आहे.”

“आणि जे नापास झाले ते?”

“ते काही म्हणत नाहीयेत.”

मापाडीने घसा खाकरला. “नवीन माणूस नेमला तर? गुपचूप?”

“तुम्हाला काय वाटतं, आम्ही शोधला नसेल? तीन वर्षांपूर्वीच शोधला. पन्नास गुणांचा एकही सापडला नाही. हल्ली पाच-दहा जणांना नव्वद मिळतात आणि बाकीच्यांना वीस-तीस. मध्ये कोणी उरलेलंच नाही. सरासरी काढता येते हो, पण त्या आकड्यावर माणूस राहत नाही.”

“माझी मुलगी बसतेय या खेपेला. तिची शेवटची संधी आहे. ज्याचं मूल बसतं त्याने पेपरच्या कामातून बाजूला व्हायचं, असा नियम आहे ना?”

“अधिकारी आणि कर्मचारी यांना आहे,” नियंत्रक समजुतीने म्हणाले. “तुम्ही अठराव्या ओळीवर आहात. कपाटाची मुलगी परीक्षेला बसली म्हणून कोणी कपाट हलवतं का? जा, बाई वाट बघतायत.”

जिना चढता चढता मापाडीने ठरवलं. माप दुरुस्त करायला कोणी तयार नसेल, तर ते स्वतःच दुरुस्त व्हायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. चिठ्ठ्या लाल करायच्या. आवक-जावक विभागात लाल पेन्सिलीचा अर्थ एकच होता आणि तो एकोणीस वर्षं त्याच्या बोटांत मुरला होता. लाल म्हणजे परत. पत्ता चुकला, लाल, परत. तिकीट कमी, लाल, परत. लाल रेघेचं पाकीट पुढे गेलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हा भिंगरीला जे येत नाही ते लाल करायचं, म्हणजे ते आलं तिथे परत जाईल. हे त्याला इतकं उघड वाटलं, की कोणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

पहिल्याच चिठ्ठीला त्याने पेन अर्ध्यावर थांबवलं आणि छताकडे बघितलं. तेरा मिनिटं काढायची होती. सातव्या मिनिटाला घड्याळबाई बोलल्या.

“पेन थांबलंय. डोळे थांबलेले नाहीत.”

“अं?”

“अडलेल्या माणसाचे डोळे प्रश्नावर असतात. तुमचे उत्तराच्या जागेवर जाऊन बसलेत, जागा धरून ठेवल्यासारखे.” त्यांनी पेन्सिल वहीवर टेकवली. “हे मला शेऱ्यात लिहावं लागेल. लिहू का?”

मापाडीने मुकाट्याने उत्तर लिहिलं. हिरवी रेघ पडली.

म्हणजे खोटं अडणं चालणार नव्हतं. खरं अडायला हवं होतं, आणि खरं कसं अडतात हे तो विसरला होता. ते जाणणारं माणूस घरातच होतं. भिंगरीच्या भरलेल्या वह्या रद्दीसाठी पलंगाखाली ढकललेल्या असत. ती क्लासला गेली की तो त्या काढून बसायला लागला. त्रिकोणमितीची पानं स्वच्छ होती. व्हेक्टरचीही. इंटिग्रेशन सुरू झालं की अक्षर बारीक व्हायचं, जणू कोणी ऐकेल म्हणून कुजबुजत लिहिलंय. व्हेरिएबल बदलला की वरखालच्या सीमाही बदलाव्या लागतात, हे ती प्रत्येक वेळी विसरायची, शेवटच्या ओळीत काहीतरी बिनसल्याचं तिच्या लक्षात यायचं, आणि मग ती चूक सोडून बाकी सगळं खोडायची. प्रोबॅबिलिटीत गाणारी मुलं आणि खेळणारी मुलं मोजताना गाऊन खेळणारी दोनदा मोजायची. कुठे पेन रुतून कागद फाटला होता. एका समासात ‘मला येणार नाही’ असं सात वेळा, एकाखाली एक, शुद्धलेखन घातल्यासारखं लिहिलं होतं.

त्याने ते सगळं पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे खात्रीने चुकायचं, कुठे बरोबर ओळ खोडायची. मूल बापाची अक्षरं गिरवतं, तसा बाप मुलीच्या चुका गिरवत बसला होता. आठवड्याभरात हात असा बसला, की इंटिग्रेशनची चिठ्ठी समोर आली की त्याचंही अक्षर खरोखरच बारीक व्हायला लागलं.

शेवटचे पाच दिवस लाल रेघा पडत गेल्या. डोळे प्रश्नावर खिळलेले, कपाळावर घाम, शेवटच्या ओळीशी तीच जुनी ठोकर. सगळ्या मिळून तेवीस लाल चिठ्ठ्या झाल्या. त्या सगळ्या इंटिग्रेशन आणि प्रोबॅबिलिटीच्या. बाकी प्रकरणांना त्याने हातही लावला नाही. ती होती तशी हिरवीच राहिली. पेटी बंद करताना घड्याळबाई म्हणाल्या, “पहिल्या वर्षी असेच बसायचात तुम्ही.” आवाज चक्क मायेचा होता. मापाडीला वाटलं, झालं, जमलं.

आठ दिवसांनी नियंत्रकांनी बोलावलं. टेबलावर चहाचे दोन कप होते. मालमत्तेला चहा देण्याची कार्यालयाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ असावी.

“मापाडी, काय काम केलंत,” नियंत्रक म्हणाले. “उगीच घाबरला होतात. बिघाड वगैरे काही नाही.”

“मग त्या लाल चिठ्ठ्या...”

“तेच तर म्हणतोय. तुम्हाला कल्पना नसेल, पण पेपरात वीस गुणांचे प्रश्न लालच असावे लागतात. नियम आहे. गेली दहा वर्षं आम्हाला लाल मिळतच नव्हते, दर वर्षी निळ्यावर भागवायचं आणि वर लेखी माफी मागायची. या वर्षी तेवीस. आणि काय एकेक चिठ्ठी. प्राध्यापक म्हणाले, हे काही तिरपागडे प्रश्न नाहीत, साधा माणूस जिथे हमखास पडतो त्या नेमक्या जागा आहेत या. अशा जागा शोधून सापडत नाहीत. समिती इतकी खूश झाली, की लालांचा वाटा वीसवरून साठवर नेलाय.”

मापाडीने कप बशीत ठेवला.

“साठ,” तो म्हणाला.

“शंभरातले. चहा घ्या ना.”

“साहेब, त्या लाल चिठ्ठ्या परत नाही का पाठवायच्या?”

“परत कुठे?” नियंत्रकांनी कुतूहलाने विचारलं.

“म्हणजे... जिथून आल्या तिथे.”

“गंमत करता. छापून झालंय सगळं. दुपारी तुमच्याच विभागात येतील गठ्ठे, सीलबंद करायला.”

“आणि मी आत्ता लिहून दिलं, की मी मुद्दाम चुकलो?”

नियंत्रकांनी आपला कप बाजूला सारला. “मुद्दाम चुकायला बरोबर यावं लागतं. ते तुम्हाला येत होतं हे मग सिद्ध करावं लागेल. आपण परत त्या एकोणीस वर्षांवर येतो. परीक्षाच रद्द होईल, संधी मात्र मोजली जाईल. सगळ्यांचीच. ज्यांची तिसरी असेल त्यांचीही.” ते उठले, दार उघडून धरलं. “तुम्ही दमलायत. आज थोडे लवकर जा.”

दुपारी गठ्ठे आले. मापाडीने दोनशे बारा पाकिटांवर लाख ओतली आणि शिक्का मारला. शिक्के सरळ आले. इतक्या वर्षांचा हात होता.

घरी आला तेव्हा भिंगरी टेबलाशी बसली होती. परीक्षेला नऊ दिवस होते. तिचा चेहरा आज जरा मोकळा वाटला.

“बाबा, मी सगळं आखून काढलंय,” ती म्हणाली. “सर म्हणतात, पस्तीसच लागतात ना, मग जे येत नाही त्याच्यामागे धावू नकोस. त्रिकोणमिती आणि व्हेक्टर, दोन्ही असे पक्के करते, की त्यांचे सगळे गुण खिशात. गेल्या वेळी दोन्ही मिळून पन्नासचं होतं. घाईत चुका केल्या म्हणून राहिले. इंटिग्रेशनला हातच लावत नाही आता. बरोबर आहे ना?”

तो चपला काढत होता. एक निघाली, दुसरीचा पट्टा सुटेना.

“इंटिग्रेशन थोडं बघूया का?” तो म्हणाला. “मी पायऱ्या गाळणार नाही.”

“नको रे बाबा. तुझं बघितलं की आहे तेही जातं माझं.” हे ती हसून म्हणाली. मग पेन दातांत धरून जरा पुढे झुकली. “तू सांगायचं नसतं, माहितीये मला. नावं नको सांगूस. एवढंच सांग, कठीण काय असेल?”

बायको दारात येऊन उभी राहिली होती. मापाडीला कचेरीतला शपथेचा कागद दिसत होता, त्याखालची स्वतःची सही दिसत होती, आणि सांगितलं तर काय होतं हेही सकाळीच ऐकून झालं होतं.

“तुला जे येत नाही ते,” तो म्हणाला.

भिंगरी खळखळून हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. बायकोलाही हसू आलं.

“ते तर सगळ्यांचंच असतं रे,” भिंगरी म्हणाली, इंटिग्रेशनची वही मिटून तिने पलंगाखाली सरकवली आणि त्रिकोणमितीचं पहिलं पान उघडलं.